फक्त वाचण्यापुरतं

सकाळी आठला मी पेटी उघडते.
योएन्सूत तेव्हा अंधारच असतो,
तिसऱ्या मजल्यावर उजेड म्हणजे
कॉफीच्या यंत्राचा लाल ठिपका आणि माझा स्क्रीन.

मागणारे आधीच येऊन बसलेले:
उप्सालाच्या एका मुलीला शंभर वर्षांचा बर्फ हवाय,
शुक्रवारच्या आत.
विमा कंपनीलाही हवाय, पण कशाला, तो रकाना कोरा.
परत धाडते.
एक प्राध्यापक चौथ्यांदा पासवर्ड विसरलेत
आणि दर वेळी माफी मात्र नव्या शब्दांत मागतात.

आमच्याकडे तळी आहेत, म्हणजे त्यांच्या तारखा.
कुठलं कधी गोठलं, कधी फुटलं,
बर्फ किती सेंटिमीटर, पाहिलं कुणी.
तळ्यांची मी कुणी नव्हे,
किल्ल्यांचा जुडगा तेवढा माझ्या कमरेला.
नाव एका ईमेलने पाठवायचं, पासवर्ड दुसऱ्या,
दोन्ही एका हाती लागू नयेत म्हणून.
(दोन्ही एकाच पेटीत जाऊन पडतात,
हे मी वर तीनदा कळवलंय.)

तौनो रासानेन यांचा अर्ज जानेवारीत आला,
नातीच्या पत्त्यावरून.
वय एक्याऐंशी. संस्था: नाही.
कारण: एक ओळ दुरुस्त करायची आहे.
हाउकिलम्पी तळं, नोव्हेंबर १९५५.

मी नेहमीचा मजकूर चिकटवला:
बाहेरच्यांना फक्त वाचण्यापुरता प्रवेश.
लिहिणं, खोडणं, बदलणं नाही.
मुदत नव्वद दिवस.
खाली, हाताला सवय म्हणून, आपली नम्र, आइला.

दुपारी फोन.
"हे शून्य की ओ?"
"शून्य."
"आम्ही शून्याच्या पोटात रेघ मारायचो," म्हणाले,
आणि फोन ठेवायला बराच वेळ घेतला.

कोण कधी आत आलं, ते यंत्र लिहून ठेवतं.
पहाटे चार दहा. एकच ओळ उघडली.
एकोणचाळीस मिनिटं.
दुसऱ्या दिवशी चार दोन. तीच ओळ.
अशा अकरा पहाटा.

मला सगळं पाहता येतं,
म्हणून पाहावंच असं नाही.
पाहिलं.

पिवळ्या कार्डाचा फोटो. ९ नोव्हेंबर.
तळं पूर्ण गोठलं. चालण्याजोगं.
सही बापाच्या नावाची, अक्षर मात्र शाळकरी,
ओळीवरून घसरत गेलेलं,
आणि "चालण्याजोगं"खाली ऐटीत मारलेली रेघ.
त्याखाली ११ नोव्हेंबर, मोठ्या माणसाच्या हातची.
नुसती तारीख.
पुढचा सगळा हिवाळा कोरा.

त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढायला
मला कुणाची परवानगी लागली नसती.
काढलं नाही.

आमच्या नियमांत एक रकाना आहे, कुणी मागत नाही: शेरा.
मूळ ओळ तशीच राहते,
शेजारी दोनशे अक्षरांची जागा मिळते.
तो हक्क मी देऊ शकत नाही, हेल्सिंकीची सही लागते.
लिहिलं. कारण विचारलं त्यांनी.
चार वाक्यं लिहिली, खोडली,
मग एवढंच ठेवलं:
अर्जदार हेच मूळ निरीक्षक.

नऊ दिवसांनी मंजुरी आली.
त्याच पहाटे शेरा पडला, दोनशेतली निम्मीही अक्षरं न वापरता:
*उत्तरेला पाणी उघडं होतं. मी धक्क्यावरूनच पाहिलं.
थंडी होती. वेइक्कोला सांगितलं, जा.
त. रा., वय ११.*

त्यानंतर ते आत आले नाहीत.
मुदत संपत आल्याचं यंत्रानं दोनदा कळवलं, उत्तर नाही.
एप्रिलमध्ये खातं आपोआप मिटलं.
मी यादीतून नाव काढायला घेतलं, काढलं नाही,
जेवायला गेले.

दोन मे. प्राध्यापक, पाचव्यांदा.
त्यांच्याखाली नातीचा पत्ता.
ना अर्ज, ना पासवर्डची मागणी:
*हाउकिलम्पी आज फुटलं.
पूर्ण फेरी मारून पाहिलं, चार तास लागले.
नोंद घ्यावी.*